बारा नंबरची बटणे

मावशींच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले, मोडले आणि चार महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाशी ठरले, त्या वर्षाची ही गोष्ट. आता तिसऱ्यांदा काय होते, या एकाच काळजीत सगळे घर होते. मावशींची काळजी मात्र वेगळी होती. त्यांच्या वॉर्डात बारा माणसे हवी होती आणि अकराच मिळाली होती.

मावशी औषधांची चाचणी घेणाऱ्या वॉर्डात मदतनीस होत्या. त्यांना सख्खी भाचरे दोनच. पण नऊ वर्षांत त्या वॉर्डात येऊन गेलेल्या शेकडो माणसांनी, नर्सबाईंनी, डॉक्टरांनी आणि पांढऱ्या मिशांच्या लिफ्टवाल्यानेही त्यांना मावशीच म्हटले होते. या वॉर्डात आजारी माणसाला मज्जाव होता. इथे धडधाकट माणसे यायची, नंबर टाकलेला निळा शर्ट घालायची, दिलेली गोळी गिळायची आणि दिवसभर ठरल्या वेळी रक्त द्यायची. रक्तात औषध किती उतरले ते वरच्या मजल्यावर मोजले जायचे. गोळी खरोखर पोटात गेली की गालात दडून बसली, हे पाहणे मावशींकडे होते. हातात बॅटरी घेऊन त्या पलंगासमोर उभ्या राहिल्या की हुकूम सुटत, "आ करा. जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. मिटा." मावशींच्या बॅटरीला दातातले कालचे जेवणही दिसते, असा त्यांचा लौकिक होता.

एवढा लौकिक असूनही नऊ वर्षे त्या हंगामीच होत्या. कायम करण्याचे पत्र टाईप होऊन मॅडमच्या टेबलावर पडले होते. मॅडम म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर. हातातली चाचणी पार पडली की त्या पत्रावर सही करणार होत्या.

चाचणी यकृताच्या औषधाची होती. यकृतात ठाण मांडून बसणाऱ्या एका विषाणूवर नवी गोळी निघाली होती. मॅडमना समजावून सांगायची हौस होती आणि मावशींना ऐकायची.

"मावशी, ही गोळी फार मानी आहे बघा. पोट आंबट असलं तरच विरघळते. आणि हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात अॅसिडिटीची गोळी. ती पोटातलं आम्ल मारते. मग आमची गोळी विरघळणार कशात? की तरीही विरघळते? एवढंच बघायचंय. आधी बारा माणसांना नुसती आमची गोळी देऊ नि रक्त मोजू. तीन आठवड्यांनी त्याच बारा जणांना अॅसिडिटीची गोळी देऊन वर आमची देऊ. पुन्हा मोजू. फरक पडला की पडला नाही, ते समोर येईल."

मावशींनी हे जिवाचा कान करून ऐकले. कारण त्यांच्या सासूबाईंच्या यकृतात तोच विषाणू गेली कित्येक वर्षे घरजावयासारखा राहत होता. नवी गोळी इस्पितळात आली की पहिल्या यादीत सासूबाईंचे नाव घालायचे मॅडमनी कबूल केले होते. अडचण एकच होती. सासूबाई सकाळी डोळे उघडायच्या आधी उशीखाली हात घालत आणि अॅसिडिटीची गोळी काढत. त्यांनी बजावूनच ठेवले होते, "नवी गोळी आली तर घेईन. पण माझी जुनी सोडायला सांगाल तर यमाला निरोप द्या, म्हातारी तयार आहे म्हणून."

आता बाराव्या माणसाचे. बारावा माणूस आला होता. उंच, धिप्पाड, दारातून आत येताना मान वाकवणारा. नर्सबाईंनी नमुन्यासाठी सुई काढली. त्याने सुईकडे पाहिले, खिडकीपाशी गेला, खाली किती मजले आहेत ते पाहिले आणि नाइलाजाने जिन्याने पळाला.

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. "परवा दुपारपर्यंत बारावा मिळाला नाही तर कंपनी हे काम दुसरीकडे देईल. मग हा वॉर्ड तरी राहतोय का कुणास ठाऊक."

मावशींची नजर टेबलावरच्या पत्राकडे गेली. "एक माणूस आहे माझ्या ओळखीचा," त्या म्हणाल्या.

"तब्येत?"

"दगड खाल्ला तरी पचेल."

"पोटाचा त्रास वगैरे?"

"पोट आहे हेच त्याच्या गावी नाही."

"नात्यातला नाही ना? कामावरच्या माणसांचे नातेवाईक चालत नाहीत, नियम आहे."

"छे हो! नुसती तोंडओळख."

तोंडओळख तीस वर्षांची होती. तो माणूस मावशींचा नवरा होता.

मावशींचा नवरा शिंपी होता. दिवसभर मशीनवर वाकून वाकून त्याच्या पोटाची घडी पडली होती आणि त्या घडीत ऐन तरुणपणापासून जळजळ होती. त्याच्या खिशात एका बाजूला खुणेचा खडू आणि दुसऱ्या बाजूला पुदिन्याच्या वासाच्या, चघळायच्या पांढऱ्या गोळ्या असत. एकदा कामाच्या घाईत त्याने गोळीने कापडावर रेघ मारली होती आणि खडू चघळला होता. कापड बरोबर बेतले गेले आणि जळजळही थांबली, असे तो सांगे. वॉर्डाचे निळे शर्ट तोच शिवत असे. आपण लावलेले बटण माणूस मेला तरी निघत नाही, हा त्याचा अभिमान होता.

"अहो, चांगली तीन दिवस विश्रांती आहे," मावशी त्या संध्याकाळी म्हणाल्या. "पलंग, पंखा, वेळेवर जेवण."

"आणि तू कुठे असशील?"

"मी तिथेच."

"मग विश्रांती कसली?"

"थट्टा पुरे. तिथे मला ओळख दाखवायची नाही. सगळे म्हणतात तसं मावशी म्हणायचं."

"तुला? मावशी?"

"मग काय, 'अगं ए' म्हणणार चारचौघांत?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "म्हण रे, म्हण. आईचं कधी ऐकलं नाहीस, मावशीचं तरी ऐक."

"आणि हे बघा," मावशींनी बोट उगारले, "ती चघळायची गोळी न्यायची नाही. एकही नाही. आत जाताना खिसे तपासतात. मीच तपासते."

"बरं," शिंपी म्हणाला.

शिंप्याच्या 'बरं'ला आतून अस्तर असते, हे तीस वर्षांच्या संसारात मावशींना कळायला हवे होते. मावशींना जे कळायला पुढे दीड महिना लागला, ते इथेच सांगून टाकलेले बरे. वॉर्डाचे शर्ट डागडुजीला घरी आलेले होते. शिंप्याने त्यातला बारा नंबरचा काढला. एकेक गोळी पातळ निळ्या कापडात गुंडाळली, पाठीमागे टाका घातला आणि कापड मढवलेली सुरेख बटणे करून शर्टाला लावली. एका ओळीत आठच मावली, म्हणून दुसरी ओळ केली. सोळा बटणे. शर्ट असा झाला की घालणाऱ्याच्या हातात फक्त बाजा द्यायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला तपासले. छाती, रक्तदाब, लघवी, सगळे उत्तम. "पोटाचा काही त्रास?" त्यांनी विचारले. शिंप्याने मॅडमच्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे मावशी उभ्या होत्या. त्या नजरेला तीस वर्षांत त्याने नकार दिला नव्हता.

"नाही," तो म्हणाला, आणि आलेला ढेकर गिळला.

वॉर्डात आत घेताना मावशींनी बाराही जणांचे खिसे उलटे करून पाहिले. बारा नंबरच्या खिशात रुमाल सोडून काही नव्हते. मावशी सुखावल्या. मग त्यांची नजर शर्टावर गेली.

"या दोन ओळी कशाला हो, बारा नंबर?"

"मला काय माहीत? शिंप्याला विचारा."

"विचारते ना. आज घरी... त्याच्या घरी जाऊनच विचारते."

रात्रीचे जेवण उकडलेले, बेचव आणि वजन करून दिलेले होते. त्यानंतर दहा तास तोंडात काही टाकायचे नव्हते. जेवणानंतर शिंप्याने गुपचूप तीन बटणे संपवली आणि निवांत झोपला. सकाळी सात वाजता मात्र पोटात आग पडली. चहा नाही, काही नाही. त्याने चौथे बटण तोडले आणि तोंडात टाकले.

शेजारच्या पलंगावर अकरा नंबर होता. तो बस कंडक्टर होता. बारीक डोळ्यांचा, गर्दीतून मान न हलवता पाहणारा.

"काय हो बारा नंबर, बटण तोडलंत?"

"सैल होतं."

"आणि तोंडात टाकलंत?"

"हरवू नये म्हणून."

"असं होय. मी बावीस वर्षं बसमध्ये काढली. ज्याचा जबडा हलतो नि आवाज येत नाही, तो काहीतरी लपवतोय. दाखवा बघू." कंडक्टरने पुढे वाकून वास घेतला. "पुदिना!"

"हळू बोला!"

"हळूच बोलतोय. पण माझंही जळतंय हो सकाळपासून. एक द्या."

शिंपी मनाने दिलदार होता. त्याने एक तोडून दिले. दहा नंबरने पाहिले. त्याने हात पुढे केला. नऊ नंबर उठून बसला. बघता बघता बारा नंबरच्या पलंगाशी झुंबड उडाली, तेव्हा कंडक्टर आपला पेशा आठवून उभा राहिला. "रांगेत या, रांगेत. एकेकच मिळेल. घेतलं की पुढे सरका, दारात उभं राहू नका."

"मला जळजळ नाही," चार नंबर म्हणाला, "पण सगळे घेतायत तर असू दे एक."

"अहो, पण हे चालतं का?" सहा नंबरने शंका काढली. "आपल्याला सांगितलंय दुसरं औषध घ्यायचं नाही."

"औषध कुठलं?" शिंपी म्हणाला. "बटण आहे."

एवढ्या चोख उत्तरापुढे कुणाचे काही चालले नाही. सव्वासातपर्यंत बाराही जणांच्या पोटातली आग विझली आणि शिंप्याच्या शर्टावर एकच बटण उरले, अगदी खालचे.

आठ वाजता नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि मावशी बॅटरी घेऊन निघाल्या. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मावशी थबकल्या. "आज सगळ्यांच्या जिभा पांढऱ्या कशा हो?"

"उपाशी आहोत ना मावशी," कंडक्टर लांबूनच म्हणाला. "उपाशी माणसाची जीभ पांढरी नि बायकोची जीभ तिखट, हे ठरलेलंच."

सगळे हसले. शिंपी जरा जास्तच हसला. मावशी त्याच्यापाशी आल्या. "आ करा." त्याने तोंड उघडले. मावशींसमोर त्याने इतका वेळ तोंड उघडे ठेवले आणि मावशींनी त्याला मध्येच गप्प केले नाही, असे लग्नानंतर प्रथमच घडत होते. "जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. मिटा."

"बरं, मा... मावशी."

मग बॅटरीचा झोत खाली घसरला. "अगंबाई! बटणं कुठे गेली?"

"पडली."

"सोळातली पंधरा?"

नेमक्या तेव्हाच मॅडम फेरीला आल्या. बारा नंबर दोन्ही हातांनी शर्ट धरून पलंगावर बसलेला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? कोण शिवतं हे शर्ट?"

"आहे एक शिंपी," मावशी म्हणाल्या.

"एका रात्रीत पंधरा बटणं? दोऱ्याने लावतो की थुंकीने? बदला त्याला."

शिंप्याचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. लग्नसराईत रात्ररात्र जागून ज्याने कधी कच्चा टाका घातला नाही, त्याने हे मुकाट ऐकायचे होते. तरी त्याच्याने राहवले नाही. "शिंप्याचा दोष नाही मॅडम. मीच झोपेत फार लोळतो."

मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिले. ज्या कुशीवर झोपला त्याच कुशीवर उठणारा हा माणूस. पण चारचौघांत काही बोलायची सोय नव्हती. बोलल्या असत्या तर हे तुम्हाला कसे ठाऊक, असे कुणीतरी विचारले असते.

घरी आल्यावर मावशींनी कसर भरून काढली. "माझ्या वॉर्डात माझी शोभा केलीत! टाके नीट घालता येत नव्हते तर दोन ओळींचा सोस कशाला?" शिंपी खाली मान घालून ऐकत राहिला. खरे सांगितले तर लबाड ठरत होता, न सांगावे तर अडाणी कारागीर. तीन दिवस विचार करून त्याने अडाणी राहायचे ठरवले. ते त्याला फार जड गेले. त्या आठवड्यात त्याने गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणे इतकी घट्ट लावली की काहींना काज कापून शर्ट काढावे लागले. बारा नंबरचा शर्ट वॉर्डाच्या कपाटात फाटक्यातुटक्यात जाऊन पडला.

तीन आठवड्यांनी बाराही जण पुन्हा आले. या वेळी आधी पाच दिवस अॅसिडिटीची खरीखुरी गोळी त्यांना मावशींसमोर दिली गेली. शिंपी इतका सुखी कधी झाला नव्हता. जळजळ नाही, ढेकर नाही, लपवाछपवी नाही. साधा एका ओळीचा शर्ट घालून तो कंडक्टरशी गप्पा मारत बसे. सहाव्या दिवशी विषाणूची गोळी झाली, रक्त झाले. एकही बटण गळाले नाही. जिभा लालचुटूक होत्या. मावशींनी मनातल्या मनात स्वतःच्या शिस्तीला शाबासकी दिली.

आणखी दोन आठवड्यांनी मॅडम वरच्या मजल्यावरून कागद फडकावत आल्या. "मावशी, जिंकलो! फरक शून्य!"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती गोळी दिली तेव्हा रक्तात औषध जेवढं उतरलं, तेवढंच अॅसिडिटीची गोळी दिल्यावरही उतरलं. काट्यावर काटा! पातळी दोन्ही वेळा जरा कमीच वाटते, पण ते कंपनी बघेल, डोस वाढवेल. मुख्य गोष्ट, दोन्ही गोळ्या बरोबर घेतल्या तरी बिघडत नाही. उद्या सकाळी अहवाल पाठवते नि तुमच्या पत्रावरही सही करते. आणि हो, सासूबाईंना सांगा, पुढच्या महिन्यात गोळी येतेय. त्यांची जुनीही खुशाल घ्या म्हणावं."

मावशींना आनंदाने धड रडायला येईना, धड हसायला येईना. त्या कपड्यांच्या खोलीत जाऊन एकट्याच उभ्या राहिल्या. नऊ वर्षे. कायम. सासूबाईंची भुणभुण बंद. त्या अशा उभ्या असतानाच वॉर्डाचा धोबी आला. त्याच्या हातात ओला निळा शर्ट होता.

"मावशी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार रे."

"मी बटण तुटलेलं पाहिलंय, फुटलेलं पाहिलंय, इस्त्रीला चिकटलेलं पाहिलंय. पण पाण्यात विरघळलेलं बटण बापजन्मात पाहिलं नाही. हे बघा. जुने कपडे तुम्ही काल धुवायला काढलेत ना, त्यातला आहे. भिजत टाकला तर बादली दुधासारखी झाली. आणि वास तर असा येतोय की दात घासावेत."

मावशींनी शर्ट हातात घेतला. खालच्या कडेला निळ्या कापडाची रिकामी थैली लोंबत होती. त्यांनी ती नाकाशी नेली. तो वास त्यांनी तीस वर्षे शेजारच्या उशीवर घेतला होता. त्या मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या त्या बसल्याच.

"मावशी, पाणी आणू?"

"नको," मावशी म्हणाल्या. "पाणी पाहिलं की आता मला बटणच दिसेल."

घरी शिंपी मशीनवर होता. "धोब्याने दिला," म्हणत मावशींनी ओला शर्ट त्याच्यासमोर टाकला. शिंप्याचा पाय पायट्यावरच थांबला.

"किती जणांनी खाल्ली?"

"मी एकट्याने नाही..."

"किती जणांनी?"

"बाराही."

"कधी?"

"सकाळी. सातला."

"आणि आठला गोळी." मावशी स्टुलावर टेकल्या. मॅडमनी समजावलेले सगळे त्यांच्या डोक्यात आपोआप जुळत गेले. "अहो, म्हणजे पहिल्या खेपेलाही पोटातलं आम्ल मेलेलंच होतं. दुसऱ्या खेपेला मॅडमनी मारलं, पहिल्या खेपेला तुम्ही मारलंत. आंबट पोट एकदाही मोजलं गेलं नाही. मग फरक दिसणार कुठून? गोळी दोन्ही वेळा विरघळलीच नाही नीट!"

शिंप्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "पण हे कुणाला कळणार? धोबी बोलणार नाही. कंडक्टर तर मुळीच नाही. उद्या सही होऊ दे. नऊ वर्षं राबलीस तू. चार बटणांपायी..."

"सोळा."

"सोळा बटणांपायी घालवणार?"

मावशींना ते पटत होते, हीच पंचाईत होती. एवढ्यात आतून हाक आली, "काय ग, काय झालं तुझ्या त्या गोळीचं? माझी जुनी घेतलेली चालेल का त्याच्याबरोबर?"

मावशी दारात गेल्या. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, एक हात सवयीने उशीखाली. तीस वर्षांत या बाईने मावशींच्या प्रत्येक भाजीत मीठ कमी आहे असे सांगितले होते, आणि ते बहुतेक वेळा खरे होते. 'सुटेन एकदाची' असे मावशी ओट्याशी कितीदा पुटपुटल्या असतील त्याला गणती नव्हती. पण ओट्याशी पुटपुटणे वेगळे आणि माणसाच्या हातात फुकट जाणारी गोळी ठेवून 'घ्या हं' म्हणणे वेगळे. ही म्हातारी दोन्ही गोळ्या घेणार, विषाणू हसत बसणार, आणि डॉक्टर म्हणणार, अहवालात तर ठीक होते. शिवाय अशा म्हाताऱ्या आणखी किती घरांत असतील.

"उद्या सांगते," मावशी म्हणाल्या.

सकाळी मॅडम खोलीत आल्या तेव्हा मावशी आधीच उभ्या होत्या. हातात शर्ट होता.

"मॅडम, अहवाल पाठवू नका. बारा नंबरच्या शर्टाला बटणं नव्हती, अॅसिडिटीच्या गोळ्या होत्या. बाराही जणांनी खाल्ल्या, पहिल्या खेपेला, गोळीच्या तासभर आधी."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बारा नंबरनेच सांगितलं."

"कुठे भेटला तो?"

"घरी."

"त्याच्या घरी?"

"आमच्या घरी. तो म्हणजे... हे."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे आमचे हे, मॅडम."

मॅडमनी शर्ट हातात घेऊन ती रिकामी थैली उलटून पाहिली. "आणि तो शिंपी?" मॅडमनी विचारले. "ज्याला मी थुंकीने बटणं लावतो म्हटलं?"

"तेही हेच."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. त्या रडताहेत की हसताहेत हे मावशींना कळेना. दोन्ही थोडेथोडे असावे. मग त्यांनी हात काढला तेव्हा चेहरा डॉक्टरचा होता. "मावशी, तुम्ही मला दोनदा खोटं सांगितलंत."

"हो."

"मला हे सगळं लिहून कळवावं लागेल. तुमच्या नावासकट."

"लिहा."

मॅडमनी टेबलावरचे टाईप केलेले पत्र उचलले, दोनदा घडी घातली आणि खणात ठेवले. फाडले नाही, एवढेच.

चाचणी पुन्हा पहिल्यापासून झाली, नव्या बारा माणसांवर, नाड्यांच्या शर्टात. कंपनीने मॅडमना फैलावर घेतले. कंडक्टरला जबाब द्यायला बोलावले, तेव्हा तो म्हणाला, "मी फक्त रांग लावली. रांग लावणं हा गुन्हा असेल तर मी बावीस वर्षं गुन्हेगार आहे." या वेळी आकडे बोलले. अॅसिडिटीच्या गोळीबरोबर दिली की नवी गोळी निम्मीसुद्धा रक्तात उतरत नव्हती. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर तशी ओळ छापली गेली. मावशींची बॅटरी काढून घेतली आणि त्यांना कपड्यांच्या खोलीत बसवले, हंगामीच. कायमचे पत्र त्यांना मिळाले ते पुढे चार वर्षांनी, वेगळ्या मॅडमच्या सहीने.

नवी गोळी घरी आली त्या दिवशी मावशी दारातच अडखळल्या. बारा आठवडे जुनी गोळी बंद, हे सासूबाईंना सांगायचे होते. वाटेभर त्यांनी वाक्ये जुळवली होती. यमाच्या निरोपावर काय उत्तर द्यायचे तेही ठरवले होते. शिंपी मशीनमागे लपल्यासारखा बसला होता.

सासूबाईंनी खोके हातात घेतले, उलटसुलट पाहिले. मग उशीखाली हात घातला आणि पांढऱ्या गोळ्यांचे सगळेच्या सगळे पाकीट काढून मावशींच्या ओंजळीत टाकले.

"सासूबाई, जळजळ होईल हं. बारा आठवडे आहेत."

"जळजळीची सवय आहे मला. तीस वर्षं तू घरात आहेस."

आतून शिंपी खोकला.

"तुझं ते पत्र गेलं म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "हा सांगत होता."

"गेलं."

"वेडी आहेस."

"हो."

"जा, चहा टाक. आणि आज साखर जरा मनाने घाल, मोजून नको."

बारा आठवडे सासूबाई रोज सकाळी नवी गोळी घेत, दिवसभर पोट धरून सुनेच्या नावाने खडे फोडत आणि जुन्या गोळीचे नावही काढत नसत. शेवटच्या तपासणीत रक्तात विषाणू सापडला नाही. पुढेही कधी सापडला नाही.

सासूबाई त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, पहाटे झोपेतच वारल्या. त्यांचे वय सत्त्याऐंशी होते.